अभ्यासिकेत आठ तास बसून खरा अभ्यास तीनच तास होतो. मोबाइल बंद न करता लक्ष कसं टिकवायचं?

नवीपेठ_मुख्य
लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे. पुण्यात अभ्यासिका लावली आहे, सकाळी ७:३० ते रात्री ९. मेस आणि दुपारची झोप वजा केली तर खुर्चीवर आठ तास भरतात, पण वाचलेली पानं आणि लिहिलेली उत्तरं पाहिली तर हिशेब तीन तासांच्या वर जात नाही. बाकीचे तास मोबाइल, चहा आणि "परीक्षेची तारीख पुढे गेली का?" यात जातात.

"फोन घरी ठेव" हे उत्तर चालणार नाही, त्याची कारणं अशी: गावी वडिलांची तब्येत नाजूक असल्यामुळे घरचा फोन लागलाच पाहिजे. चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर येतात. दोन विषयांची लेक्चर्स यूट्यूबवर आहेत. ॲप लॉक लावून झालं, पण पासवर्ड मलाच माहीत असल्याने अर्ध्या तासात उघडते. फोन अँड्रॉइड आहे, लॅपटॉप आहे, अभ्यासिकेत वायफाय आहे.

नेमकी कुठली सेटिंग्ज, कुठल्या क्रमाने, आणि त्यातल्या पळवाटा कुठे असतात, हे कुणी नीट सांगेल का?

---

पाटीपेन्सिल
सेटिंग्जला हात लावण्याआधी तीन दिवस मोजा. वहीच्या समासात चार अक्षरं लिहून ठेवा: फो, मा, वि, श. म्हणजे फोन, माणूस, विचार, शरीर (भूक, झोप, तहान, पाठदुखी). लक्ष पुस्तकावरून उडालं हे कळलं की त्या अक्षरापुढे एक उभी रेघ मारायची आणि परत वाचायला लागायचं. बाकी काही नाही. वेळ लिहू नका, कारण लिहू नका; ते लिहिणं हाच नवा विरंगुळा होतो.

तिसऱ्या रात्री रेघा मोजा. बहुतेकांना वाटतं की सगळा दोष फोनचा, आणि निघतात "वि"च्या रेघा जास्त. म्हणजे मनात काहीतरी अडकलेलं असतं आणि त्यातून सुटायला हात फोनकडे जातो. तसं असेल तर फोन कितीही बांधून ठेवला तरी माणूस खिडकीबाहेर बघत बसतो. ज्या अक्षरापुढे रेघा जास्त, ते आधी हातात घ्या. सगळं एकदम सुधारायला गेलं की चौथ्या दिवशी सगळंच सुटतं.

फोनपुरतं एक मात्र आजच करा: त्याची जागा बदला. टेबलावर पालथा ठेवलेला फोन हा फोन समोर असल्यासारखाच. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसलं होतं की नोटिफिकेशन नुसतं आलं, माणसाने फोन उचलला नाही, तरी हातातल्या कामात चुका वाढतात. २०१७ मध्ये एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी फोन टेबलावर, खिशात किंवा बॅगेत, आणि दुसऱ्या खोलीत ठेवून लोकांना चाचण्या दिल्या. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी सगळ्यात चांगली आली. नंतरच्या काही प्रयोगांत तितका फरक दिसला नाही, हेही खरं. पण उठून दहा पावलं जावं लागलं तर नकळत हात जात नाही, एवढ्यासाठी कुठल्याही प्रयोगाची गरज नाही.

अभ्यासिकेत याचा अर्थ लॉकर, किंवा चपलांच्या रॅकशेजारी टांगलेली बॅग. फोन चार्जिंगला लावायच्या निमित्ताने प्लगजवळची खुर्ची पकडू नका. फोन रात्री खोलीवर पूर्ण चार्ज करा आणि प्लगपासून लांब, भिंतीकडे तोंड असलेली जागा घ्या. दाराकडे तोंड असेल तर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एक रेघ देऊन जातो.

---

सेटिंगवाला
वरचं मोजून झालं की ही सेटिंग्ज करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण घरचा फोन नक्की लागेल अशी खात्री असल्याशिवाय तुम्ही फोन लांब ठेवणार नाही, आणि ठेवलात तरी दर दहा मिनिटांनी उठून बघाल.

पहिलं, घरचे फोन. कॉन्टॅक्ट्समध्ये आई, वडील, भाऊ आणि गावातला एक जवळचा शेजारी किंवा डॉक्टर, एवढ्यांच्या नावापुढचा तारा दाबा. ज्यांच्याकडे दोन सिम आहेत त्यांचे दोन्ही नंबर एकाच नावाखाली असू द्या, कारण दुसऱ्या नंबरावरून आलेला फोन अनोळखी ठरतो आणि अडतो. मग सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डू नॉट डिस्टर्ब' टाका (काही नव्या फोनमध्ये ते 'मोड्स'खाली आहे). कॉल्समध्ये फक्त 'स्टार्ड कॉन्टॅक्ट्स', मेसेजेसमध्ये कुणीही नाही, अलार्म चालू. 'रिपीट कॉलर्स' हा पर्यायही चालू ठेवा. एकाच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. म्हणजे वडिलांना कुणी परक्याच्या फोनवरून दवाखान्यात नेत असेल तरी दुसऱ्या फोनला रिंग येईल. घरी एवढं सांगून ठेवा: "तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा साधा फोन करा."

*साधा* हा शब्द विसरू नका. व्हॉट्सॲप कॉल हा फोनच्या दृष्टीने ॲपकडून आलेलं नोटिफिकेशन असतो, तो या चाळणीतून वाजेलच असं नाही. घरच्यांना व्हॉट्सॲपवरच फोन करायची सवय असते आणि इथेच सगळी व्यवस्था फसते. आज रात्री प्रत्येकाकडून एकेकदा फोन करवून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून रिंग ऐकू येते का ते बघा.

रिंग पूर्ण आवाजात ठेवली तर अभ्यासिकेत ओरडा बसेल, आणि लॉकरमधलं व्हायब्रेशन कळणार नाही. यावर उपाय म्हणजे फोन काउंटरवर ठेवायचा आणि तिथल्या माणसाला सांगायचं की वाजला तर घरचाच आहे, हाक मारा. ताऱ्याचे चारच नंबर असतील तर दिवसाला एखाद्या वेळीच वाजेल, कुणी नाही म्हणत नाही.

दुसरं, वेळापत्रक. डू नॉट डिस्टर्बला 'शेड्यूल' लावा: ७:३० ते १२:३०, २:३० ते ६, ७ ते ९. हाताने चालू करायचं म्हटलं की एखाद्या दिवशी राहतं, आणि राहिलेला दिवस हाच वाया जाणारा दिवस असतो.

तिसरं, फोकस मोड. सेटिंग्ज → डिजिटल वेलबीइंग → फोकस मोड. इन्स्टाग्राम, यूट्यूब, टेलिग्राम, फेसबुक, बातम्यांची ॲप्स यात टाका आणि त्यालाही तेच वेळापत्रक द्या. पळवाटा दोन आहेत. एक, त्यात 'टेक अ ब्रेक' म्हणून थोडा वेळ सूट देणारं बटण असतं. दोन, ॲप बंद झालं की माणूस क्रोममधून तीच साइट उघडतो, म्हणून क्रोमही यादीत टाका. शब्दार्थ किंवा एखादी तारीख बघायची असेल तर ती कागदावर लिहून लॅपटॉपवर एकदम बघा.

पासवर्डचा तुमचा अनुभव बरोबर आहे, कुलूप आणि किल्ली एकाच हातात असून उपयोग नाही. रूममेटला पासवर्ड टाकायला सांगणारे ॲप लॉक मिळतात, पण त्यात तिची चिडचिड होते आणि महिन्याभरात तीच सांगून टाकते. त्यापेक्षा इन्स्टाग्राम आणि फेसबुक फोनवरून काढूनच टाका. खातं बंद करायची गरज नाही. रविवारी संध्याकाळी लॅपटॉपवर बघा. पुन्हा पुन्हा लॉगिन करावं लागणं हाच तिथला उंबरठा.

चौथं, व्हॉट्सॲप. गावचे, कॉलेजचे, नातेवाइकांचे ग्रुप म्यूट करताना 'ऑलवेज' निवडा, 'आठ तास' नव्हे. मग ते सगळे अर्काइव्ह करा आणि सेटिंग्ज → चॅट्समध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू आहे ना ते पाहा. ते बंद असेल तर नवा मेसेज येताच ग्रुप परत वर येतो. चालू असूनही कुणी तुमचं नाव घालून टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर नोटिफिकेशन येतं, तेवढं चालवून घ्या.

हातात स्मार्टवॉच किंवा फिटनेस बँड असेल तर तो काढून ठेवा. फोन लॉकरमध्ये आणि मनगटावर प्रत्येक मेसेजची थरथर, असं पुष्कळांचं चालू असतं. वेळ बघायला काट्यांचं साधं घड्याळ घ्या. "किती वाजले" बघायला उचललेला फोन पंधरा मिनिटं खाली ठेवला जात नाही.

जाहिरातींचे फोन येत असतील तर १९०९ वर फोन करून किंवा सिम कंपनीच्या ॲपमधून पूर्ण डीएनडी (जाहिरातींचे फोन-मेसेज अडवणारी सेवा) लावा. ओटीपी त्याने अडत नाहीत.

---

गावाकडचा
इतकं कशाला? बटणांचा साधा फोन घ्यावा, सिम त्यात टाकावं, स्मार्टफोन कपाटात. घरचे फोन येतात, ओटीपीचे मेसेज येतात. प्रश्न मिटला.

---

सेटिंगवाला
कल्पना चांगली आहे, फक्त मुख्य सिम हलवू नका. यूपीआय ॲप नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये आहे का ते तपासतं. सिम काढलं की मेसचे पैसे, झेरॉक्सचे पैसे अडतात आणि दोन दिवसांत सिम परत स्मार्टफोनमध्ये येतं. बटणांच्या फोनसाठी दुसरं सिम घ्या आणि तो नंबर फक्त घरी द्या. हे जमलं तर माझी पहिली पायरी लागतच नाही, स्मार्टफोन सरळ खोलीवर राहू शकतो.

घेताना दोन गोष्टी बघा. जिओचं सिम टूजी फोनमध्ये चालत नाही, त्यांच्याकडे टूजी नेटवर्कच नाही, फोरजी व्होल्टीई (फोरजीवरूनच बोलायची सोय) असलेलाच बटणफोन लागतो. आणि स्वस्त फोनचा खाचा बहुधा मोठ्या सिमचा असतो. नॅनो सिम कापून मिळालेली प्लास्टिकची चौकट टाकू नका, तीच पुन्हा लागते. चौकटीत सिम नीट दाबून बसवा, सैल राहिलं की बाहेर काढताना खाच्यातले पत्रे वाकतात.

---

नवीपेठ_मुख्य
तीन दिवस मोजलं. फो १९, मा ११, वि ३४, श ९. पाटीपेन्सिल म्हणतात तेच झालं. "वि"मध्ये फॉर्मची फी भरली का, भावाचा वाढदिवस, आयोगाची तारीख, मागच्या टेस्टचे मार्क, असं काहीही येतं. शिवाय लेक्चरला यूट्यूब उघडावंच लागतं, तिथून पुढे भरकटते. यावर काही?

---

कलम_३६०
विचार दाबायचे नसतात, उतरवायचे असतात. पोस्टकार्डाएवढा कोरा कागद टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवा. मनात काही आलं की चार शब्द आणि *वेळ* लिहायची: "फी, सायं. ६:१५, लॅपटॉप." नुसतं "फी" लिहिलं तर ते परत परत वर येतं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचं २०११ सालचं संशोधन हेच सांगतं: अपुरं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की ते पूर्ण न होताही घोळणं थांबतं. सायं. ६ ते ६:३० हा या कागदाचा वेळ. तेव्हा सगळं उरका, कागद फाडा, दुसऱ्या दिवशी नवा. जुना कागद चालू ठेवलात तर आठवड्यात तो कामांची वही होतो आणि त्याच्याकडे बघवत नाही.

आयोगाच्या तारखेचं वेगळं सांगते, कारण पुण्यातल्या निम्म्या अभ्यासिका त्यावर जळतात. तारीख, निकाल, कट ऑफ, जागा वाढल्या का, हे सगळं आयोगाच्या संकेतस्थळावर येतं. दिवसातून एकदा, त्याच ६ वाजताच्या अर्ध्या तासात तिथे बघा. टेलिग्रामवरचे "आतल्या गोटातून" सांगणारे चॅनेल आजच सोडा. त्यातली बातमी खरी निघाली तरी तुम्हाला ती चार तास आधी कळून करायचं काय आहे? पुस्तक तेच, पान तेच.

आता वेळेच्या तुकड्यांबद्दल. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत सगळे सांगतात. फ्रान्सेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून ती बसवली. सुरुवातीला ती वापरा, पण तिथेच थांबू नका. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तीन तास हात आणि डोकं एका जागी टिकवावं लागतं. दर पंचवीस मिनिटांनी उठायची सवय लागलेल्या माणसाला दुसऱ्या तासात पेपर जड जातो, आणि त्याला वाटतं विषय कच्चा आहे. म्हणून पहिला आठवडा २५ मिनिटं, दुसरा ४०, तिसरा ६०, पाचव्यापर्यंत ९०. एखाद्या आठवड्यात दिवसाला तीन तुकडेही पूर्ण झाले नाहीत तर पुढे जाऊ नका, तोच आठवडा पुन्हा करा. महिन्याभरानंतर दर रविवारी सकाळी एक पूर्ण पेपर, सलग तीन तास, परीक्षेच्याच वेळी. पाण्याची बाटली सोबत, घड्याळ समोर, उठायचं नाही.

मधल्या विश्रांतीत फोन नको. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग पहिल्यातच चिकटून राहतो. पाच मिनिटं रील बघितली तर पुढची दहा मिनिटं ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. जिना उतरा, पाणी भरा, दूरचं झाड बघा.

आणि उठताना अर्ध्यात उठा. म्हणजे समासात पेन्सिलीने लिहा: "राज्यघटनेचं कलम ३५६ झालं, त्यावरच्या बोम्मई खटल्याचे मुद्दे लिहायचे, मग कलम ३६०." परत आल्यावर "कुठून सुरू करू" हा प्रश्नच उरत नाही. तो प्रश्न पडला की हात फोनकडे जातो, हे तुमच्या रेघांतही दिसेल.

---

लेक्चर_१.२५
यूट्यूबबद्दल. लेक्चर फोनवर बघणं आधी बंद करा, लॅपटॉपवरच बघा. ब्राउझरमध्ये अभ्यासाचं वेगळं प्रोफाइल बनवा आणि त्यात तुमचं नेहमीचं गूगल खातं अजिबात जोडू नका. नवं खातं, वॉच हिस्टरी बंद. जुना इतिहास नसलेल्या खात्यात हिस्टरी बंद असेल तर पहिलं पान जवळजवळ कोरं राहतं, सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत. त्यावर 'अनहुक' नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते उजव्या बाजूची यादी आणि कमेंट्स झाकतं. ऑटोप्ले बंद. लेक्चरची प्लेलिस्ट बुकमार्क करून थेट तिथूनच उघडा, शोधपट्टीत नाव टाकायचं नाही. भरकटायला सुरुवात बहुतेक वेळा शोधपट्टीतूनच होते.

लेक्चर चालू असताना टंकलेखन नको, वहीत हाताने टिपणं. दर १०-१२ मिनिटांनी थांबवून न बघता तीन ओळी लिहा. लिहिता आल्या नाहीत तर तेवढा भाग परत. सव्वापट वेग ठीक आहे. दुप्पट वेगाने बघणाऱ्याला संपल्याचं समाधान मिळतं, पण उत्तर लिहिताना हाताला काही लागत नाही.

टेलिग्राममध्ये सेटिंग्ज → डेटा अँड स्टोरेजमध्ये ऑटो-डाउनलोड बंद करा, नोटिफिकेशन्समध्ये 'काँटॅक्ट जॉइन्ड' बंद करा. चालू घडामोडींसाठी एकच चॅनेल ठेवा. चार चॅनेल असली तरी बातम्या त्याच असतात. पीडीएफ रोज न उघडता रविवारी आठवड्याच्या सगळ्या एकदम उतरवा आणि पाठपोट झेरॉक्स काढून स्पायरल करा. कागदावर वाचलं की दुसरी खिडकी उघडायचा प्रश्नच येत नाही, आणि उजळणीला समासात खुणा राहतात.

---

नवीपेठ_मुख्य
खूप उपयोगी आहे सगळं. राहिली "मा"ची ११. अकरा वाजता कुणीतरी खांद्यावर हात ठेवून "चहाला येतेस?" म्हणतं, आणि नाही म्हणवत नाही. शिवाय मागच्या रांगेत कुजबुज असते.

---

पाटीपेन्सिल
चहा सोडू नका, वेळ ठरवा. रोजची माणसं ठरलेली असतात, त्यांना एकदाच सांगा की १२:३० आणि ६:३० ला मी नक्की येणार. मग टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याची त्रिकोणी घडी करून त्यावर मोठ्या अक्षरात "चहा १२:३०" लिहून ठेवा. हाक मारायला आलेला माणूस ते वाचतो आणि बोलायची वेळच येत नाही. मात्र १२:३० झाले की खरंच उठा. दोनदा उठला नाहीत तर त्या पाटीला कुणी विचारणार नाही. चहाला गेलात की उभ्यानेच प्या. बसलं की वीस मिनिटांचे चाळीस होतात.

कुजबुजीसाठी गाणी नकोत, विशेषतः समजणाऱ्या भाषेतली, कारण वाचलेले शब्द आणि ऐकलेले शब्द एकमेकांत घुसतात. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. ते नुसते कानात खुपसले तर काही अडत नाही. स्वच्छ बोटांनी वळून काडीसारखे बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि ३० सेकंद बोटाने धरून ठेवा, म्हणजे तो आत फुगतो. नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. मळला किंवा कडक झाला की टाकून द्या, धुऊन वापरू नका. कान दुखत असेल, सर्दी असेल तर त्या दिवशी नको.

आणि बटणफोन घेतलात तर इअरप्लग असताना तो टेबलावर उघडा ठेवू नका, रिंग ऐकू येणार नाही. व्हायब्रेशनवर ठेवून कमरेच्या पाउचमध्ये ठेवा. घरचा फोन अंगालाच कळला पाहिजे.